हेल्गाबाईच्या छतातली हळद

चोपड्यात कोणाच्या घरी नळ गळायला लागला की लोक आधी खाली बादली ठेवतात आणि मग लोटन नानांना फोन लावतात. नाना फोन उचलून "कोन?" विचारतात, आणि समोरच्यानं नाव सांगायच्या आत आमच्या बोलीत म्हणतात, "मेन कॉक बंद कर, मी येस." मग अर्ध्या तासात सायकलच्या हँडलला पान्यांची पिशवी लटकवून दारात हजर. वय अडुसष्ट, डोक्यावर टोपी, खिशात टेफलॉनच्या टेपचं वेटोळं. चाळीस वर्षांत ह्या गावातल्या निम्म्या तरी घरांच्या भिंतीत नानांच्या हातचा पाइप गेलेला आहे.

माझं हार्डवेअरचं दुकान आहे. मी दिपमाला. अकरा वर्षांपूर्वी वडील गेले आणि मी गल्ल्यावर बसले, तेव्हा बाजारातले शहाणे म्हणाले, पोरीला एल्बो कुठला नि टी कुठली ते कळायचं नाही, वर्षात शटर खाली येईल. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी नानांनी समोरच्या मोठ्या दुकानाच्या ओट्यावरून आपली पिशवी उचलली आणि माझ्या बाकावर आणून ठेवली. फिटर जिथं बसतो तिथंच गिऱ्हाईक येतं, हे बाजारात सगळ्यांना माहीत आहे. शटर अजून वर आहे. म्हणून नानांबद्दल मी जे लिहीन त्यात त्यांची बाजू थोडी घेतलेली असणार. ती असूच दे, मला त्याची लाज नाही.

तशा नानांना दोन खोडी आहेत, त्याही सांगते. पहिली म्हणजे हा माणूस स्वतःची चूक कबूल करत नाही. जोड गळाला तर पाइप हलका असतो, पाइप बरा निघाला तर माझा पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा डबा जुना असतो, आणि डबा नवा निघाला तर नगरपालिकेनं पाणी जास्त जोरात सोडलेलं असतं. नानांचा हात चुकला असं आजवर झालेलं नाही. दुसरी खोड म्हणजे गावाचे नळ नीट करणाऱ्या ह्या माणसाच्या स्वतःच्या घरातला मोरीचा नळ किती वर्षं गळतोय ते त्यांनाही आठवत नसेल. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. त्यांच्या बायकोनं, प्रमिला अक्कांनी, त्या नळाला लुगड्याची एक चिंधी बांधून ठेवली होती. थेंब चिंधीवरून ओघळत खाली यायचा, म्हणजे टपटप ऐकू येत नाही. मी एकदा वॉशर फुकट देऊ केला तर नाना माझ्यावरच भडकले.

त्यांना एकच लेक, मोहिनी. शिरपूरला इंजिनीअरिंग शिकली, शिरपूरच्याच युवराजशी लग्न झालं, आणि चार वर्षांपासून दोघं जर्मनीत, श्टुटगार्टला आहेत. मागच्या वर्षी मोहिनीला दिवस गेले आणि मे महिन्याची तारीख निघाली, तेव्हा ठरलं की अक्कांनी बाळंतपणाला जायचं. व्हिसा तीन महिन्यांचा. आमच्या गल्लीतून बाळंतपणाला परदेशी जाणारी ही पहिली बाई. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला तर गल्लीतल्या सात बायका साक्ष द्यायला उभ्या राहिल्या. तो बिचारा चहा पिऊन पळाला.

अक्का भाकरी थापताना बोलतात तेवढ्याच, बाकी वेळ गप्प. नाना त्यांना नावानं कधी हाक मारत नाहीत. जुन्या रीतीप्रमाणे "मोहिनीनी माय" म्हणतात, नाहीतर नुसतंच "ऐक वं". पण बायकोला त्या थंड मुलुखात काही अडू नये म्हणून नानांनी जी तयारी करून घेतली ती मी डोळ्यांनी पाहिली. एप्रिलमधल्या एका दुपारी ते अक्कांना दुकानात घेऊन आले आणि मला म्हणाले, ते एका दांडीचं मिक्सर काढ. मी खोक्यातून नवंकोरं काढलं. अक्का काउंटरसमोर उभ्या, आणि नाना मास्तर. दांडी वर केली की सुरू, डावीकडे गरम, उजवीकडे गार. अक्कांनी दांडी दहा वेळा वरखाली केली, तेव्हा कुठं मास्तरांचं समाधान झालं.

मग अक्कांनी हळूच विचारलं, "न्हानीमधलं पानी कोठे जास तठे?"

आता ह्या प्रश्नाला त्यांच्या दृष्टीनं अर्थ होता. बाळंतपण म्हणजे अंघोळ. तेल चोळून बाळंतिणीला पाटावर बसवायचं आणि कढत पाण्याचे तांब्यावर तांबे पाठीवर ओतायचे, चांगल्या पाच-सहा बादल्या. मग स्वतः पाय लांब करून बसायचं आणि बाळाला नडग्यांवर पालथं घेऊन न्हाऊ घालायचं. आमच्याकडे ह्यात काटकसर केली तर बाळंतिणीची पाठ जन्मभर दुखते असं मानतात. तेव्हा इतकं पाणी जाणार कुठं, हे बाईनं विचारायलाच हवं होतं.

नाना हसले. मी आजही सांगू शकते की ते हसले. "न्हानी म्हटली का उतार ऱ्हास, आन उतार म्हटला का जाळी ऱ्हास. जग फिरी ये, पानी खालेच जास."

"आन जाळी नही सापडनी तं?"

"मंग चाळीस वरीस मी काय झक मारी? कोपरामा देख, व्हईच."

मीही मान डोलावली. कारण आमच्या धंद्यात न्हाणीच्या जाळीखाली बसवतात त्या तुकड्याचं नावच मुळी नहाणी ट्रॅप आहे. तो नसलेली न्हाणी मी पाहिलेली नव्हती, नानांनी पाहिलेली नव्हती, आणि आम्ही दोघंही चोपड्याच्या बाहेर फार तर धुळ्यापर्यंत गेलेलो.

अक्का जर्मनीला गेल्या. सामानात डिंक, खारीक, ओवा, बाळंतशेपा, घरी कुटलेली हळद, कपडे धुवायच्या साबणाच्या चार वड्या आणि बाळाच्या लंगोटांसाठी नानांच्या जुन्या धोतरांचे मऊ तुकडे. दोन आठवड्यांनी मोहिनीला मुलगी झाली. नानांनी माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला पेढा दिला, अर्धा इंची निपल घ्यायला आलेल्यालासुद्धा.

आठव्या दिवशी मोहिनी दवाखान्यातून घरी आली आणि अक्कांनी पदर खोचला. तिथं न्हाणी चकचकीत. एका कोपऱ्यात काचेची कपाटाएवढी खोली, उभ्यानं अंघोळ करायची. त्यात दोघी मावेनात. पण बाहेर ऐसपैस फरशी, भिंतींनाही फरशी. फरशी आहे म्हणजे न्हाणीच आहे. अक्कांनी मोहिनीला स्टुलावर बसवलं आणि सहा बादल्या ओतल्या. पाणी जागच्या जागी उभं. त्यांनी नानांना फोन लावला. "आठे जाळीच नही. पानी उभंच ऱ्हायनं."

"दारनामांगे देख," नाना म्हणाले.

दारामागे काही नव्हतं. अक्कांनी टॉवेलनं पाणी टिपलं, पिळलं, पुन्हा टिपलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यांना वाटलं, जाळी आहे पण आपल्याला दिसत नाही, आपलंच कुठंतरी चुकतंय. युवराज कामावर असायचा, मोहिनी बाळात आणि झोपेत. असे सहा दिवस गेले, आणि सातव्या दिवशी दारावरची बेल वाजली.

दारात खालच्या मजल्यावरची म्हातारी. नाव हेल्गा. आमच्या गल्लीत ती पुढे हेल्गाबाई झाली, मीही तेच म्हणते. सत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी, बोलायला फटकळ. तिच्या छताला पिवळट ओल आली होती आणि थेंब पडायला लागले होते. घरमालक आला, त्यानं वर फरशी पाहिली, स्टूल पाहिलं, बादली पाहिली, आणि फोटो काढले. तिकडे न्हाणीच्या फरशीवर पाणी ओततच नाहीत. उतार नाही, जाळी नाही. जे काय पाणी सांडायचं ते त्या काचेच्या खोलीत. युवराजच्या घराचा करार महिनाअखेरीला संपत होता. मालक म्हणाला, घर असं वापरणार असाल तर करार पुढे वाढवणार नाही. सोमवारी येऊन काय ते सांगतो. पंधरा दिवसांचं बाळ, आणि त्या शहरात घर मिळायला लोक सहा-सहा महिने रांगेत असतात.

अक्कांनी त्याच दिवसापासून बादली उलटी करून ठेवली. मोहिनीचं अंग ओल्या फडक्यानं पुसायचं, बाळाचंही पुसायचं. फरशी कोरडी खडखडीत. पण चौथ्या दिवशी हेल्गाबाई पुन्हा आली, लालेलाल होऊन. पाणी पडतंच आहे. उलट वाढलंय. ही बाई दुपारी घरात कोणी नसताना गुपचूप पाणी ओतते, असं तिनं तोंडावर म्हटलं आणि मोहिनीनं ते शब्द अक्कांना सांगितले. सांगून वर विचारलं, "आई, खरं सांग, टाकलं नाहीस ना?"

तो फोन मी ऐकला, कारण नाना तेव्हा माझ्या बाकावर डबा उघडून बसले होते आणि त्यांना कानाला फोन लावायची सवय नाही. स्पीकरवर अक्कांचा आवाज. "मना तिकीट काढा. मी घर येस."

"काय व्हयनं?"

"चार दिनपासून मी एक तांब्या टाका नही. तरी बठ्ठा म्हनतस का मीच टाकी ऱ्हायनी. आंडेरबी तेच इचारस." सगळे म्हणतात मीच ओतते, लेकसुद्धा तेच विचारते. एवढं बोलून त्या रडायला लागल्या. जी बाई भाकरी भाजताना हात पोळला तरी स् म्हणत नाही, ती साडेसहा हजार किलोमीटरवर रडत होती आणि माझ्या दुकानात पंखा गरगरत होता. मला इतका राग आला की समोर उभ्या गिऱ्हाइकाला मी उगाच झापलं.

नानांनी डब्याचं झाकण लावलं. "तू नही म्हनस ना?"

"नही."

"मंग नही. बस."

इतकंच. उलटतपासणी नाही, बघू नाही, विचार करतो नाही. चाळीस वर्षं ज्या माणसानं बायकोचं नाव घेतलं नाही, त्यानं तिचा शब्द मात्र असा एका घासात घेतला. त्यांच्याबद्दल मला जो अभिमान वाटतो तो पाइपांमुळे नाही, ह्या दोन शब्दांमुळे आहे.

त्यांनी फोन ठेवला. डबा तसाच. मग मला म्हणाले, "दिपू, चार दिवस फरशी कोरडी आन पानी वाढस. म्हंजे ते पानी फरशीनं नही. दुसरं कोठून तरी येस." पाणी कधी खोटं बोलत नाही, त्याला नीट विचारावं लागतं, हे त्यांचं नेहमीचं म्हणणं. आता विचारायचं कसं? त्यावर त्यांच्याकडे गावठी उपाय होता. कोणत्या मोरीचं पाणी भिंतीत मुरतंय ते कळत नसेल तर प्रत्येक ठिकाणी वेगळा रंग ओतायचा आणि खाली कोणता रंग उतरतो ते पाहायचं.

रविवारी दुपारी दीड वाजता, म्हणजे तिकडे सकाळी दहाला, व्हिडिओ कॉल ठरला. सोमवारी मालक येणार होता, त्यामुळे एवढीच एक संधी. बाकावर नाना, शेजारी उभी मी, आणि बातमी फुटल्यामुळे निंबा फिटरसकट बाजारातले आठ-दहा जण. बाहेर चव्वेचाळीस डिग्री. नानांनी फोन खोक्यावर टेकवला आणि युवराजला हुकूम सोडले. बेसिनमध्ये अक्कांची हळद, कढत पाण्यात कालवून. फरशीवर, अक्का जिथं पाणी ओतायच्या नेमक्या तिथं, केकसाठी आणलेला खायचा लाल रंग, एक तांब्या. युवराज कचरला. पुन्हा फरशीवर पाणी?

"एकच तांब्या, जवाईबापू. मनी जबाबदारी."

खाली पिवळं उतरलं तर बेसिनचा पाइप दोषी, लाल उतरलं तर अक्कांच्या सहा दिवसांच्या अंघोळी दोषी. सगळ्या दुकानाला कळेल असा सोपा हिशेब. मोहिनी बाळापाशी वर थांबली. फोन घेऊन युवराज आणि अक्का हेल्गाबाईकडे गेले. तिनं थेंबांखाली पातेलं ठेवलेलंच होतं. अक्कांनी त्यात लंगोटाचा धुतलेला पांढरा तुकडा अंथरला, नानांच्या धोतराचा. हेल्गाबाई हाताची घडी घालून उभी.

पाऊण तास. पहिले थेंब नुसतेच ओले. आमच्याकडे कोणी चहा आणला, कोणी प्यायला नाही. मग पांढऱ्या कापडावर एक ठिपका उमटला, त्याच्या शेजारी दुसरा. युवराजनं फोन जवळ नेला.

ठिपके लाल होते.

"लाल आहे, नाना," युवराज हळूच म्हणाला. निंबा फिटरनं जीभ चावली. हेल्गाबाईला भाषा कळत नसली तरी रंग कळला, आणि तिनं अक्कांकडे असं पाहिलं की मला फोनमधून हात घालावासा वाटला. नानांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी त्यांना अकरा वर्षांत टोपीशिवाय पाहिलेलं नव्हतं. मग ते म्हणाले, "चूक मनी शे. मीच सांगं व्हतं तिले, जाळी व्हई म्हनून. तिले कोनी बोलू नका."

सगळ्या बाजारासमोर, जावयाला, हे लोटन नाना म्हणाले. आमच्याकडे सासरा जावयासमोर चूक कबूल करत नाही, तो फार तर विषय बदलतो.

तेवढ्यात फोनमधून अक्कांचा आवाज आला. "थांबा."

त्यांनी पातेल्यातून कापड उचललं, खिडकीपाशी नेलं, उजेडात धरलं, बोटांनी चोळलं, नाकाला लावलं. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. रडका नव्हता, बाजारात वांगं निवडताना असतो तसा होता. "हाऊ रंग लाल नही," त्या म्हणाल्या. "हाई हळद शे. हळदना डागले साबन लागना का लाल व्हस. दिवाळीले तुमना धोतरले व्हयना व्हता, भूली गयात का?"

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मीही बाईच आहे, आयुष्यभर कपडे धुतलेत. हळदीच्या डागावर साबणाची वडी फिरवली की तो रक्तासारखा लाल होतो, हे चोपड्यातल्या कोणत्याही बाईला विचारा. तिथं जमलेल्या दहा पुरुषांपैकी एकालाही ते माहीत नव्हतं, कारण एकानंही कधी स्वतःचं धोतर धुतलेलं नव्हतं. आणि अक्का बाळाचे लंगोट कुठं धूत होत्या? बेसिनमध्ये. दिवसातून सहा वेळा, चोपड्याहून नेलेल्या वडीनं. त्या पाइपात आतून साबणाचा थर बसलेला असणार.

"लिंबू मांग," अक्का युवराजला म्हणाल्या. हेल्गाबाईनं कपाळाला आठ्या घालून फ्रीजमधलं अर्धं लिंबू काढून दिलं. अक्कांनी त्या लाल ठिपक्यावर ते पिळलं.

ठिपका आमच्या डोळ्यांदेखत पिवळा झाला. हळदीचा पिवळा, दुसरा कुठलाच नाही. केकचा रंग शंभर लिंबं पिळली तरी पिवळा झाला नसता, आणि शंका नको म्हणून अक्कांनी दुसऱ्या चिंधीवर तो लाल रंग घेऊन त्यावरही लिंबू पिळून दाखवलं. तो लालच राहिला.

"पिवळा!" मी ओरडले. निंबा फिटरनं चहाचा ग्लास सांडला. हेल्गाबाई पुढे आली, तिनं कापड हातात घेतलं, एकदा ह्या चिंधीकडे, एकदा त्या चिंधीकडे पाहिलं, आणि अक्कांच्या खांद्यावर हात ठेवला. काय बोलली ते युवराजनं नंतर सांगितलं. ती म्हणाली, मी चुकले, मला माफ करा.

नानांनी टोपी डोक्यावर चढवली आणि फोनवर वाकले. आता आवाज त्यांचा नेहमीचा. "जवाईबापू, बेसिनना खालना जोड. भीतमा. आजपासून बेसिन बंद. आन न्हानीमा पानी नकोच, ती चूक तरीबी मनीच शे."

सोमवारी मालक आपला प्लंबर घेऊन आला. बेसिनमागची भिंत फोडली तर आतला जुना जोड उभा चिरलेला, आणि भिंतीवर ओलीचे पट्टे एकावर एक, अक्का विमानात बसायच्या कितीतरी आधीचे. घर साधं वापरतानाच तो हळूहळू पाझरत होता, लंगोटांच्या धुण्यानं थेंब वाढले एवढंच. त्या प्लंबरनं विचारलं, हे कोणी शोधलं? युवराजनं फोन लावून दिला. मग जे झालं ते बाकावरच्या सगळ्यांनी पाहिलं. त्या उंच गोऱ्या माणसानं फुटलेला जोड कॅमेऱ्यासमोर धरला. नानांनी पिशवीतून आपल्याकडचा तसाच एक काढून समोर धरला. दोघांनी माना हलवल्या. त्यानं अंगठा वर केला, नानांनी हात जोडले. भाषा एकालाही दुसऱ्याची येत नव्हती आणि कोणाचं काही अडलं नाही.

करार दोन वर्षांसाठी वाढला. मालकानं लंगोटाचा ल काढला नाही. मोहिनी आईच्या गळ्यात पडून रडली, असं अक्कांनी मला नंतर सांगितलं, आणि सांगताना विषय लगेच बाळाच्या जावळाकडे नेला. काचेच्या खोलीत मावेल असा एक प्लॅस्टिकचा टब युवराजनं शोधून आणला. मोहिनीच्या उरलेल्या अंघोळी त्यात बसून झाल्या. पाठीवर पाणी पडलं म्हणजे झालं, अक्का म्हणाल्या. हेल्गाबाई रोज वर यायला लागली. बाळाला नडग्यांवर घेऊन तेल चोळताना बघत बसायची. निघायच्या दिवशी तिनं ते हळद लागलेलं कापड धुऊन, इस्त्री करून आणून दिलं. डाग निघाला नव्हता. हळदीचा कधी निघतो?

ऑगस्टमध्ये अक्का परत आल्या. नाना जळगाव स्टेशनवर उतरवून घ्यायला गेले, जीप करून. घरी जाताना जीप आधी माझ्या दुकानासमोर थांबली. मला वाटलं पेढे असतील. नाना उतरले, अक्कांना उतरवलं. अक्का प्रवासानं दमलेल्या, पदर सावरत उभ्या. बाकावर निंबा आणि तिघं-चौघं फिटर होते. नानांनी घसा साफ केला.

"हाई प्रमिला," ते म्हणाले.

अक्कांनी चमकून वर पाहिलं. मीही पाहिलं.

"बठ्ठा जन इचारतस का जर्मनीना लीक लोटननं शोधा. मी नही. चूक मनी व्हती. शोध प्रमिलाना शे." असं म्हणून त्यांनी बाकावरची आपली पिशवी उचलली, जागा फडक्यानं पुसली आणि अक्कांना म्हणाले, बस. अकरा वर्षांत त्या बाकावर फिटर सोडून कोणी बसलेलं नाही. अक्का बसल्या. लाजून लाल झाल्या होत्या आणि त्याला लिंबाचा उपाय नव्हता. दोन घोट पाणी प्याल्या, आणि मग आपल्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या, "घर चला आते. मोरीमधला नळ अजून गळस का?"

फिटर हसायला लागले. मला वाटलं, आता नाना भडकणार, मग माझ्या मालाची, नगरपालिकेची, कोणाची तरी खरडपट्टी निघणार. मी तयारीतच होते.

नाना काउंटरपाशी आले. "दिपू, अर्धा इंची वॉशर दे. चांगला."

"कोणाकडचं काम आहे?" मी मुद्दामच विचारलं.

"मना घरनं," ते म्हणाले. वॉशर त्यांनी खिशात टाकला नाही, मुठीत धरला, आणि तसेच अक्कांच्या पाठोपाठ जीपकडे गेले.